उचलून आणलेली घरे: जपानी ग्रामीण घरांची खुली संग्रहालये नेमके काय जतन करतात?

पागोळी

गेल्या शरद ऋतूत ओसाकाला लागून असलेल्या तोयोनाका शहरातील हात्तोरी र्योकुची या उद्यानात जुन्या शेतकरी घरांचे खुले संग्रहालय पाहिले. १९५६ साली सुरू झालेले हे जपानमधील अशा प्रकारचे पहिले संग्रहालय. घरे सुंदर आहेत आणि त्यांची निगाही मनापासून राखलेली आहे. माझा आक्षेप त्या संकल्पनेच्या मुळाशीच आहे आणि तो सविस्तर मांडण्यासाठी हा धागा काढत आहे.

तेथे क्यूशू बेटावरील शीइबा या दुर्गम डोंगराळ भागातील एक घर आहे. ते लांबच लांब आहे आणि त्याच्या खोल्या एकापुढे एक अशा एकाच ओळीत मांडलेल्या आहेत. शीइबात घर बांधायचे तर उतार खणून जी अरुंद पट्टी मिळेल तिच्यावरच बांधावे लागे. त्यामुळे घराला खोली नाही, केवळ लांबी आहे. पाठ डोंगराला टेकलेली असल्यामुळे मागची बाजू बंद ठेवलेली, आणि उजेड-वारा यायचा तो सगळा पुढून, दरीच्या बाजूने. हे सारे मला आधी वाचून ठाऊक होते म्हणून कळले. तोयोनाकाच्या सपाट जमिनीवर पाठीशी डोंगर नाही आणि पुढे दरीही नाही. ज्या प्रश्नाचे ते घर उत्तर होते, तो प्रश्नच तेथे उरलेला नाही.

शिनशू प्रांतातील आकियामा खोऱ्यातून आणलेल्या घराचेही तसेच. त्याच्या भिंती गवताच्या आहेत आणि आत लाकडी तक्तपोशी नाही. मातीवर पेंढा अंथरून त्यावर चटया टाकायच्या आणि तेथेच राहायचे. हिवाळ्यात माणसाला गाडून टाकील इतके बर्फ पडणाऱ्या खोऱ्यात ती गवताची भिंत काय करत असेल, हे ओसाकाच्या उबदार दुपारी कसे उमगावे? त्या घरापासून थोडे चालले की उत्तरेच्या इवाते भागातील मागारिया येते, म्हणजे काटकोनात वळलेले, माणसे आणि घोडे एकाच छपराखाली ठेवणारे घर. आणि आणखी थोडे चालले की दक्षिणेच्या आमामी बेटावरील खांबांवर उचललेले धान्याचे कोठार. प्रत्यक्षात या दोन जागांमध्ये दीड हजार किलोमीटरहून अधिक अंतर आहे. घराचा अर्थ त्याच्या उतारात, वाऱ्यात, शेतात आणि शेजारात असतो. तो तोडून घेतला की उरतो तो केवळ नमुना. म्हणून माझे म्हणणे असे, की घर हलवणे हा अगदी शेवटचा, नाइलाजाचा उपाय असावा, आणि पैसा व कारागिरी प्रथम जागेवरच्या घरांसाठी खर्च व्हावी.

कुसू

मी वाड्यांच्या दुरुस्तीचे काम करणारा वास्तुरचनाकार आहे आणि जपानमध्ये सुतारांबरोबर काही महिने राहिलो आहे. आपले निरीक्षण अचूक आहे. निष्कर्ष मात्र मला मान्य नाही.

आपण असे गृहीत धरले आहे की घर जागेला कायमचे जखडलेले असते. दगडामातीच्या घराबाबत ते खरे असेल. जपानी लाकडी घर मात्र खाच आणि कुसू यांच्या सांध्यांवर उभे असते. खांब दगडावर टेकवलेले असतात, तुळया एकमेकींत अडकवलेल्या असतात, आणि सुतार प्रत्येक लाकडावर शाईने त्याचा क्रमांक घालतो. गाश्शो घरांत, म्हणजे जोडलेल्या तळव्यांसारखे उभट गवती छप्पर असलेल्या घरांत, तर छपराचा सांगाडा खालच्या चौकटीवर नुसता ठेवलेला असतो आणि दोरखंडांनी व कोवळ्या लवचीक फांद्यांनी बांधलेला असतो. खालची चौकट कसबी सुतारांनी उभारायची आणि वरचे छप्पर गावकऱ्यांनी बांधायचे, अशी तेथील वाटणी होती. असे घर सोडवता येते आणि पुन्हा जुळवता येते. जुन्या काळीही घरे विकली जात, उकलली जात आणि दुसऱ्या गावी उभी राहत. म्हणजे हलवले जाणे हे त्या घराच्या स्वभावातच आहे.

दुसरे असे, की ही घरे कोणी हौसेने उचलून आणलेली नाहीत. तोयोनाकाचे संग्रहालय ज्या घरापासून सुरू झाले ते मध्य जपानच्या डोंगराळ शिराकावा खोऱ्यातील गाश्शो घर धरणामुळे हलवावे लागले. शोकावा नदीवरचे मिबोरो धरण १९६१ साली पुरे झाले. त्याच्या पाण्याखाली जाणाऱ्या भागातील यानोहारा घराण्याचे प्रचंड घर १९६० साली योकोहामाच्या सांकेइएन उद्यानात उभे राहिले. ज्या घरापुढे पाणी आणि संग्रहालय हे दोनच पर्याय होते, त्याला ‘उतार कोठे आहे?’ असे विचारणे मला निर्दयपणाचे वाटते.

माजघर

मी चार वर्षे कावासाकीत राहिले. तेथील निहोन मिनका-एन हे १९६७ साली उघडलेले संग्रहालय माझ्या घरापासून रेल्वेने अगदी जवळ होते, त्यामुळे मी ते एकदा पाहून आले असे झाले नाही. मी तेथे वारंवार जात राहिले.

पागोळी यांनी डोंगराची अनुपस्थिती पाहिली, पण धुराविषयी काहीच लिहिलेले नाही. कावासाकीत स्वयंसेवक आळीपाळीने घरांतील इरोरी पेटवतात. इरोरी म्हणजे जमिनीत केलेली चौकोनी शेगडी. घराला धुराडे नसते. धूर माजघरातून माळ्यावर चढतो, गवताच्या छपरातून झिरपत बाहेर पडतो, आणि जाता जाता गवत कोरडे ठेवतो, कीड मारतो, वाशांवर आणि दोरांवर काजळीचा थर चढवतो. विस्तव बंद झालेल्या घराचे छप्पर लवकर कुजते. म्हणून तेथील विस्तव हा देखावा नाही. तो घराच्या निगेचा भाग आहे. माझ्या आजीच्या राजापूरकडच्या घरी चुलीवरच्या आढ्याला तोच काळा, चकचकीत रंग होता. कावासाकीतल्या त्या अंधाऱ्या घरात डोळे चुरचुरले तेव्हा मला प्रथमच कळले, की हा रंग म्हणजे नुसता मळ नव्हे.

आणखी एक गोष्ट नोंदवते. ते संग्रहालय दूरची घरे गोळा करण्याच्या इच्छेतून जन्मले नाही. कावासाकीतलेच इतो घराण्याचे घर शेजारच्या योकोहामाला हलवण्याचे घाटत होते. ते आपल्या शहरातच राहावे म्हणून प्रयत्न झाले आणि त्यातून संग्रहालय उभे राहिले. पागोळी यांना जी ओढ वाटते आहे, त्याच ओढीने ते सुरू झाले.

पागोळी

माजघर, धुराचा मुद्दा मी मोकळेपणाने मान्य करतो. मी गेलो त्या दिवशी मला विस्तव दिसला नव्हता आणि त्याचे महत्त्वही ठाऊक नव्हते.

कुसू यांच्या युक्तिवादातील एका दुव्याशी मात्र मी सहमत नाही. पूर्वी घर हलत असे ते दुसऱ्या शेतकऱ्याकडे, राहण्यासाठी. बहुधा त्याच खोऱ्यात, त्याच हवेत. तेथे पुन्हा माळ्यावर रेशमाचे किडे पाळले जात, पुन्हा घोडा बांधला जाई. उद्यानात आलेले घर पुन्हा कोणाचे घर होत नाही. सांधे सुटतात म्हणून घर कोठेही नेले तरी चालते, हे मला पटत नाही.

घाटवाट

माझे आजोळ कोयनेच्या धरणात गेले. घर सोडताना आजोबांनी दाराची चौकट आणि दोन वासे बैलगाडीत घातले. नव्या वसाहतीतल्या पत्र्याच्या घराला तीच चौकट बसवली होती. लहानपणी त्या घराचे मला एवढेच दिसले: एक चौकट, तिच्यावरची कोरलेली वेल, आणि उंबऱ्याला मधोमध पडलेला खळगा. उजनीचे पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते आणि लोक ते पाहायला जातात. दगडाचे देऊळ पाण्यात टिकते. मातीचे घर टिकत नाही. ते सबंध घर कोणी पुण्याच्या एखाद्या बागेत नेऊन उभे केले असते, तर पाठीशी डोंगर नाही म्हणून मी ते नाकारले नसते. मी दर वर्षी आईला घेऊन गेलो असतो.

तरीही पागोळी यांच्या दुसऱ्या लिखाणातून निघणारा मुद्दा, म्हणजे हलवायचेच तर जवळ हलवावे हा, मला मोलाचा वाटतो, आणि त्याचे उदाहरण शिराकावातच आहे. काझुरा नावाची त्या गावातली एक दुर्गम वस्ती होती. १९६७ साली तेथील कुटुंबांनी एकत्र निर्णय घेऊन वस्ती सोडली. तेथील घरे ओगिमाची या मुख्य वस्तीसमोर, नदीच्या पलीकडच्या काठावर आणली गेली आणि त्यांचेच खुले संग्रहालय झाले. घरे हलली, पण बर्फ तेच, डोंगर तेच, नदी तीच राहिली. ओगिमाचीत तर १९७१ साली रहिवाशांनी संघटना स्थापून तीन नियम केले: घर विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, पाडायचे नाही. १९९५ साली युनेस्कोने ओगिमाचीचे नाव शेजारच्या गोकायामा भागातील दोन वस्त्यांसह जागतिक वारशाच्या यादीत घातले. शेतकऱ्यांनी राहती घरे जागेवर राखली याचे इतके ठळक उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

कुसू

ओगिमाचीबद्दल मलाही आदर आहे. पण जागेवर राहिलेले घर आपोआप जिवंत राहते असे समजू नये. छपराची एक बाजू शाकारायला शंभराहून अधिक माणसे एका दिवसासाठी लागतात. पूर्वी ती युई या परस्परांच्या श्रमदानातून मिळत: आज तुमचे छप्पर, पुढच्या वर्षी माझे. छप्पर तीस-चाळीस वर्षे टिकते, त्यामुळे गावात दर वर्षी कोठे ना कोठे काम निघत असे आणि हात सरावात राहत. आता तेथील कुटुंबे बऱ्याच अंशी पर्यटकांवर जगतात, दारात दिवसभर अनोळखी माणसे उभी असतात, आणि शाकारणीसाठी बाहेरचे मनुष्यबळ व सरकारी साहाय्य लागते. शेतीशी नाते तेथेही सैल झालेले आहे. मग उद्यानातल्या घरालाच तेवढा दोष का द्यावा?

ओसरी

दोन्ही बाजूंनी ‘कोठे’ या प्रश्नावर बराच विचार केला आहे. ‘केव्हाचे’ हा प्रश्न मला अधिक अवघड वाटतो आणि त्याला अद्याप कोणी हात घातलेला नाही.

कावासाकीत हादानोहून आणलेले कितामुरा घराण्याचे घर आहे. त्याच्या लाकडावर शाईने लिहिलेले वर्ष सापडले, १६८७. इतक्या जुन्या शेतकरी घराचे नेमके वर्ष कळणे दुर्मीळ आहे आणि अभ्यासकांना त्याचे किती महत्त्व वाटले असेल हे मी समजू शकते. घर उकलताना खांबांवरील जुन्या खाचा आणि बुजवलेली भोके वाचून मूळ रचना काय होती ते ठरवले जाते, आणि पुन्हा उभारताना त्या पहिल्या रूपाकडे नेले जाते. याचा अर्थ असा, की नंतरच्या पावणेतीनशे वर्षांत त्या कुटुंबाने केलेले फेरफार, म्हणजे वाढवलेल्या खोल्या, बदललेल्या भिंती, पुढे आलेल्या सोयी, बाजूला काढले जातात. मूल झाले म्हणून वाढवलेली खोली कोणाची तरी आठवण असते. मुंबईच्या चाळीतल्या आमच्या खोलीला वडिलांनी माळा घातला होता; ती चाळ कोणी बांधल्या दिवसाच्या रूपात परत नेली, तर त्यात आम्ही कोठेच नसू.

म्हणून माझा आक्षेप स्थलांतराला नाही. घराच्या सगळ्या वयांतून एकच वय निवडण्याला आहे.

कुसू

ओसरी, या मुद्द्यावर माझे आपल्याशी अर्धे एकमत आहे. मूळ रूपाचा हा आग्रह त्या पिढीच्या अभ्यासकांच्या काळजीतून आला होता. १९५०-६०च्या दशकांत कौले, पत्रे आणि छताच्या फळ्या घालून घरे इतक्या वेगाने बदलत होती, की जुना आराखडा पुन्हा कधी वाचताच येणार नाही अशी भीती होती, आणि सतराव्या शतकातील शेतकरी कसा राहत होता हे सांगणारा दुसरा पुरावा फारसा नव्हता. कितामुरांच्या घरात बांबूच्या कामट्यांची जमीन आहे. मूळ रूपापर्यंत गेल्याशिवाय ती डोळ्यांना दिसली नसती. आणि घर उकलताना जुनी लाकडे, खुणा आणि फेरफार यांची रेखाटने व छायाचित्रे करून ठेवतात, त्यामुळे ती वये पुसली जात नाहीत. ती घरातून कागदावर जातात. हे पुरेसे नाही, हे मला मान्य आहे.

माजघर

कागद पाहुण्याला दिसत नाही. प्रत्येक दारापाशी त्या घरात शेवटी कोण, कोणत्या साली आणि कशासाठी राहत होते आणि ते का निघाले, हे ठळकपणे लिहिले, तर ओसरी आणि घाटवाट या दोघांचेही दुःख थोडे हलके होईल असे मला वाटते.

पागोळी

घाटवाट यांचे लिखाण मी तीन वेळा वाचले. ‘शेवटचा उपाय’ हे शब्द मी मागे घेत नाही. पण ज्यांच्यापुढे शेवटचाच उपाय उरला होता त्यांच्याविषयी मी घाईने लिहिले, हे मान्य करतो.

मिबोरोचा उल्लेख निघाला आहे म्हणून एक गोष्ट सांगतो. धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या दोन देवळांच्या आवारांत चेरीचे दोन फार जुने वृक्ष होते. १९६० साली ते मुळांसकट उचलून वर चढवले आणि जलाशयाच्या काठावर लावले. फांद्या बऱ्याच छाटाव्या लागल्या होत्या आणि ते जगतील याची खात्री कोणालाच नव्हती. ते जगले, फुलले, आणि गाव सोडून गेलेले लोक त्यांच्या बहराच्या दिवसांत तेथे येऊन बसू लागले; समोर पाणी, पाण्याखाली त्यांचे गाव. मी ते झाड पाहिले आहे. मला जे हवे आहे ते हेच आहे: हलवा, पण ज्यांचे होते त्यांना जाऊन बसता येईल इतके जवळ. योकोहामाच्या उद्यानातल्या त्या घराच्या माळ्यावर जाऊन शोकावाचा कोणी म्हातारा आपले बर्फ आठवत बसला असेल का, हे मला सांगता येणार नाही. झाडाखाली बसलेली म्हातारी माणसे मी स्वतः पाहिली.

माजघर, पुढच्या थंडीत कावासाकीला जाणार आहे. इरोरी कोणत्या घरात पेटलेली असते, हे आधी कळण्याचा काही मार्ग असेल तर कृपया लिहावे.

माजघर

ती फिरत्या क्रमाने पेटते, त्यामुळे प्रवेशद्वारापाशी विचारावे. शक्य झाल्यास दुपारच्या आत जावे; विस्तव फार उशिरापर्यंत ठेवत नाहीत. आणि अंगावर धुराचा वास राहील, तो दोन दिवस जात नाही.