इंग्रजीतले क्यू-ए शब्द: ओळखीचे आणि फसवे

तिरकस: क्यूच्या मागोमाग यू न येता थेट ए येतो असे इंग्रजी शब्द अर्थासकट हवे आहेत. कतारसारखी विशेषनामं नकोत. क्यू-ए-आय-डी हा एक सापडला. तो आपला 'कैद'च ना?

जुनीवही: नव्हे. इंग्रजी कोशातला हा शब्द म्हणजे 'काइद', उत्तर आफ्रिकेतला स्थानिक सरदार किंवा अंमलदार. अरबीत काइद म्हणजे पुढारी. जीनांच्या 'कायदे-आझम' पदवीत हाच शब्द आहे, तिथे कायद्याचा काही संबंध नाही. आपला 'कायदा' अरबी 'काइदा'वरून आला. त्याचा अर्थ पाया, बैठक आणि पुढे नियम. 'अल-कायदा'तला तो हाच. कैद हा तिसराच शब्द. तिन्हींचे अरबी धातू वेगळे, पण मराठीत येताना घशातले उच्चार गळाले आणि ते सख्खे भाऊ वाटायला लागले.

हे क्यू-ए शब्द बहुतेक अरबीतून आलेत. अरबीत 'क'सारखी दोन अक्षरं: काफ आणि काफच्याही मागून, पडजिभेपाशी उच्चारायचं क़ाफ. रोमन लिपीत पहिल्याला के आणि दुसऱ्याला क्यू देतात. तसं करण्याला जुना आधारही आहे, कारण रोमन क्यू आणि अरबी क़ाफ दोघांचा पूर्वज एकच, फिनिशियन लिपीतलं 'क़ोफ'. इंग्रजी बोलताना मात्र साधा क म्हणायचा. 'क्वाइद', 'क्वाझी' असले उच्चार करू नयेत.

तिरकस: मग काझीच्या स्पेलिंगमध्ये डी कुठून आला? क्यू-ए-डी-आय?

जुनीवही: अरबीत ते अक्षर 'ज़ाद' किंवा 'दाद'. अरब तिथे जड ड म्हणतात, फारसी आणि उर्दूत त्याचा झ होतो. इंग्रजीने अरबी उच्चार घेतला, आपल्याकडे शब्द फारसीमार्गे आला म्हणून काझी. रमदान आणि रमजान हीच जोडी. कोशात हा शब्द सी आणि के या अक्षरांखालीही असतो, तेव्हा क्यूखाली नाही मिळाला तर तिकडे बघा. बुरख्याचंही (बी-यू-आर-क्यू-ए) तसंच, के घालून लिहिलेलं स्पेलिंग तितकंच चालतं.

टाइलवाली: स्क्रॅबलसाठी, म्हणजे गुण असलेल्या अक्षरांच्या टाइल्स जुळवून शब्द करायच्या खेळासाठी विचारत असाल, तर आधी मान्य शब्दांची यादी कुठली ते ठरवा. कॉलिन्स या ब्रिटिश कोशाच्या यादीत जे चालतं ते सगळं अमेरिकी यादीत चालतंच असं नाही, आणि भांडणं तिथेच होतात. नुसतं 'क्यू-ए' हा शब्द कुठेच चालत नाही. दोन अक्षरी हवा असेल तर क्यू-आय, म्हणजे चिनी 'ची', प्राणशक्ती.

रोजच्या खेळात कामाचा शब्द म्हणजे 'कात', क्यू-ए-टी. येमेन आणि पूर्व आफ्रिकेत चघळतात तो उत्तेजक पाला. पानाला लावतो त्या काताशी याचं नातं नाही. 12 गुण, मागे एस लागतो. काझीचे 14, बुरख्याचे 16. कॉलिन्समध्ये 'कव्वाली' पण आहे, 22 गुणांची. सात अक्षरं असल्याने सगळ्या टाइल्स एकदम लागल्या तर 50 जादा, म्हणजे चौकटींचा गुणाकार न धरताही 72. अडचण एवढीच की तिला डब्ल्यू दोन लागतात आणि अख्ख्या संचात आहेतच दोन. एकासाठी कोरी टाइल वापरली तर 4 गुण गेले.

जुनीवही: कॉलिन्समध्ये 'मुक़द्दम' आणि 'कलमदान'सुद्धा आहेत. मुक़द्दम म्हणजे पुढे ठेवलेला, पुढारी. शिवकालीन कागदांत गावचा पाटील 'मोकदम' म्हणून येतो, आणि आजचा ऊसतोडीचा मुकादम त्याच शब्दाचा.

खडूफळा: नकाब आणि बुरखा यांत इंग्रजी फरक करते, आपण सरसकट बुरखा म्हणतो. इंग्रजीत नकाब म्हणजे तोंड झाकणारं कापड, डोळे उघडे. बुरखा म्हणजे अंगभर, डोळ्यांसमोर जाळी असलेला, असा अर्थ काटेकोर लिहिणारे धरतात. भाषांतर करताना इथे घोळ होतो.

मराठीत बुर्क़ाचा 'बुरखा' झाला, इलाक़ाचा 'इलाखा', वक़्तचा 'वखत'. क़ाफचा ख करायची आपली ही खोड लक्षात ठेवली तर मूळ ओळखता येतं. कलम, नकाशा, मुकादम यांत मात्र साधा क.

तिरकस: क्यू-ए-एन-ए-टी म्हणजे तंबूची कनात? आणि 'कसीदा' म्हणजे कशिदा?

खडूफळा: दोन्ही चुकतील. कशिद्यातला क साधा काफ, फारसी 'ओढणे' या क्रियापदावरून. क्यूवाला क़सीदा म्हणजे स्तुतिपर दीर्घ कविता, सबंध कवितेत एकच यमक.

इंग्रजीतली 'कनात' कापडाची नाही, ती इराणी पद्धतीची भूमिगत नहर. डोंगरपायथ्याशी भूजलापर्यंत विहीर खणायची, तिथून किंचित उताराचा बोगदा गावाकडे न्यायचा आणि वाटेत ठरावीक अंतरावर उभी भोकं ठेवायची. बोगदा खणताना त्यांतून माती वर काढतात, आत हवा खेळते आणि पुढे गाळही तिथूनच उपसतात. उतार जास्त झाला तर पाणी तळ खरवडतं, कमी पडला तर गाळ बसतो. पंप लागत नाही. याच धर्तीची आपल्याकडची म्हणजे 17व्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने खडकीत, नंतरच्या औरंगाबादेत, बांधवलेली नहर-ए-अंबरी. मजकुरात पाणी, शेती, इराण दिसलं तर 'भूमिगत नहर' लिहा. नुसतं 'कनात' लिहिलंत तर वाचकाला मांडव दिसेल.

टाइलवाली: अरबी नसलेला एक राहिला: 'एम्बाकांगा', एम-बी-ए-क्यू-ए-एन-जी-ए. दक्षिण आफ्रिकेतलं नाचाचं संगीत. मूळ झुलू शब्द मक्याच्या उकडलेल्या पावाचा. झुलूत क्यू म्हणजे जीभ टाळ्याला चिकटवून सोडताना होणारा 'टॉक्' असा आवाज. इंग्रजीत तिथेही क म्हणून मोकळे होतात.