ऊटीचा बगीचा: सासूबाईंना मे महिन्यात नेलं तर फुलं दिसतील का?

मूलकडची सून

नमस्कार मंडळी. आमचं गाव मूल तालुक्यात, जिल्हा चंद्रपूर. येत्या उन्हाळ्यात सासूबाईंना ऊटीचा सरकारी बगीचा दाखवावा असं मनात आहे. वय 68. सारा जन्म धानाच्या बांधीत गेला, पऱ्हे उपटा आणि रोवणे करा. पण अंगणात तेलाच्या पिप्यांत, फुटक्या माठांत अबोली, शेवंती, गुलबास असं काही ना काही कायम फुललेलं असते. दोन वर्षांआधी कृषी केंद्राच्या कॅलेंडरवर ऊटीच्या बगीच्याचा फोटो आला होता. वर्ष संपलं तरी त्यांनी तेवढं पान फेकू दिलं नाही, देवघराच्या बाजूला चिकटवून ठेवलं. त्यात निळ्या फुलांचे मोठे गुच्छ आहेत. त्याच्यावर बोट ठेवून मला विचारतात, "हे खरंच असं निळं असते का वो?"

आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, पण मृगाच्या आत परत यावं लागते, नाहीतर पऱ्ह्यांचं राहून जाते. म्हणजे मे महिनाच उरतो. तेव्हा तिकडे फुलं असतात का? त्यांचे गुडघे दुखतात, तर चढ किती आहे? एका ट्रॅव्हल्सवाल्यानं म्हैसूर, ऊटी, कोडाईकनाल असा सात दिवसांचा प्लॅन दिला आहे. घ्यावा का?

सिंदेवाहीच्या सिस्टरबाई

बाई, तुमचं वाचून लगेच लिहायला बसली. मी आरोग्य सेविका होती, आता रिटायर झाली. ऊटीला दोनदा गेली, आणि त्या दोन वेळांत जमीन-अस्मानाचा फरक होता.

पहिल्यांदा अशाच ट्रॅव्हल्सच्या प्लॅननं गेलो, मी आणि माझे मिस्टर. गाडी बगीच्यासमोर दुपारी साडेबाराला थांबली आणि सांगितलं, पाऊण तासात परत या. पाऊण तासात तिकिटाची रांग आली, बाथरूम आलं, फोटो आले. मी एका फुलासमोर उभी राहून त्याच्या पाकळ्या पाहून राहिली होती तं गाडीवाल्याचा हॉर्न. परतताना मला रडू आलं होतं, खोटं नाही सांगत. दीड हजार किलोमीटर जाऊन फूल पाहू दिलं नाही. म्हणून हात जोडून सांगते, तो सात दिवसांचा प्लॅन घेऊ नका. तीन गावं करू नका. एकच ऊटी करा आणि त्यात दोन सकाळी नुसत्या बगीच्याला द्या.

आता तुमच्या प्रश्नांचं. मे महिन्यात फुलं असतात का? अहो, मे हाच तिथला मोठा हंगाम. तिथली पुष्पप्रदर्शनं 1896 पासून सुरू आहेत, आणि ती मेमध्येच भरतात. हजारो कुंड्या पायऱ्यापायऱ्यांनी रचून ठेवतात. ऊटी आहे सव्वादोन हजार मीटर उंचीवर. आपल्याकडे पारा 45-46 ला टेकलेला असते, तेव्हा तिथं रात्री स्वेटर लागते. सासूबाईंना एक कानटोपी नक्की घ्या, उन्हातून एकदम थंडीत गेलं की म्हाताऱ्या माणसाची छाती भरते. फक्त प्रदर्शनाच्या दिवसांत, त्यातही शनिवार-रविवार, जाऊ नका. माणसांच्या पाठीच दिसतात. प्रदर्शनाच्या आधी किंवा नंतर, मंगळवार-बुधवार पकडा. फुलं तीच असतात.

चढाचं म्हणाल तर बगीचा दोड्डबेट्टा डोंगराच्या उतारावर आहे, 22 हेक्टरांचा, पायऱ्यापायऱ्यांनी वर जाते. वरपर्यंत जायची गरजच नाही. दारातून आत गेलं की खालची हिरवळ, वाफे, काचघर, हे सारं फार दम न लागता पाहून होते. मी दुसऱ्या खेपेला धाकट्या बहिणीसोबत गेली, तिच्याही गुडघ्यांचं तेच रडगाणं. आम्ही सकाळी दार उघडल्या-उघडल्या आत शिरलो. गवतावर दव होतं. एक म्हातारे माळी वाफ्याच्या कडेला उकिडवे बसून पॅन्सीची वाळलेली फुलं नखानं खुडून राहिले होते. एकेक फूल खुडायचे आणि लुंगीच्या ओच्यात टाकायचे, खाली नाही. भाषा एकमेकांची येत नव्हती, पण मी पाहून राहिली हे त्यांनी पाहिलं आणि एका फुलाचा चेहरा बोटानं वर करून मला दाखवला. पिवळ्या पाकळीवर मधोमध काळा डाग, मखमलीसारखा, आणि त्याच्यावर बारक्या रेषा, काजळाच्या काडीनं ओढल्यासारख्या. त्या एका फुलासमोर आम्ही दोघी किती वेळ बसलो कोण जाणे. काचघरात फुशियाची फुलं टांगलेली असतात, अगदी कानातल्या झुमक्यासारखी, लाल वाटी आणि आत जांभळा घेर. सासूबाईंना ती आवडतीलच.

बगीचा 1848 चा आहे, मॅकआयव्हर नावाच्या इंग्रज माळ्यानं उभा केलेला. आत एका झाडाचं दगड झालेलं खोड ठेवलं आहे, दोन कोटी वर्षांचं सांगतात. मला मात्र फुलांपुढे त्याचं काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी गुलाबाची बाग करा. ती वेगळी आहे, 1995 ची, शंभराव्या प्रदर्शनाची आठवण म्हणून केलेली. पण तिथं उतार आहे, खालच्या टप्प्यांत उतरलं की तेवढंच वर चढावं लागते. गुडघे पाहून ठरवा.

जायचं कसं: बल्लारशाहून केरळ एक्सप्रेस धरा, कोइम्बतूरला उतरा. एक रात्र गाडीत जाते. तिथून डोंगराच्या पायथ्याचं मेट्टुपालयम, आणि तिथून वर ऊटी. डोंगरातली छोटी रेल्वे 46 किलोमीटरला पाचेक तास घेते. खड्या चढावर रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी आहे, इंजिनाचं दातेरी चाक त्यात अडकवून चढते. फार सुंदर, पण तिकीट खूप आधी काढावं लागते आणि सीट कडक. म्हाताऱ्या माणसाला बस बरी. सरकारी बसनं गेलात तर ई-पासची, म्हणजे ऊटीत शिरायच्या ऑनलाइन परवान्याची, कटकट नाही. 2024 पासून बाहेरच्या खाजगी गाडीला तो काढावाच लागते. आणि पाण्याची प्लास्टिक बाटली नेऊ नका, ऊटीच्या निलगिरी जिल्ह्यात बंदी आहे. घरचा स्टीलचा डबा आणि तांब्या न्या.

वरोऱ्याची रोपवाटिका

सिस्टरबाईंनी सारं सांगितलं, मी फक्त त्या निळ्या गुच्छाचं सांगतो. ते हायड्रेंजिया. आजीला सांगा, हो, खरंच निळं असते, आणि तो रंग मातीचा आहे. ऊटीची माती आंबट. आंबट मातीतलं ॲल्युमिनियम झाडाला घेता येते, म्हणून फूल निळं. तेच झाड चुनखडीच्या जमिनीत लावा, गुलाबी फुलते.

बगीच्याबाहेर त्याची रोपं विकायला असतात आणि आजी नक्की मागतील. कृपा करून आणू नका. मी 2019 मध्ये सहा आणली होती. ओलं गोणपाट गुंडाळून, मांडीवर ठेवून आणली, हिरव्या जाळीखाली ठेवली, दिवसातून तीनदा पाणी दिलं. त्याची पानं मोठी आणि पातळ, दुपार झाली की मान टाकायची. मृगाचा पाऊस यायच्या आधी सहाही गेली. शेवटचं रोप उपटलं तेव्हा मूळ पांढरं जिवंत होतं, वरचं सारं करपलेलं. अजून जीवाला लागते ते.

आजींसाठी डेलिया करा. ऊटीला मनसोक्त पाहा, पण कंद इकडेच जवळच्या रोपवाटिकेतून दिवाळीच्या आसपास घ्या. पिप्याला खाली भोकं पाडा, शेणखत आणि थोडी रेती मिसळा. थंडीत बशीएवढं फूल येते. उन्हाळा लागला की कंद काढून कोरड्या रेतीत, सावलीत ठेवायचे. पिटुनियाही दिवाळीनंतर मस्त होते.

मूलकडची सून

तुम्हा दोघांचे मनापासून आभार. ट्रॅव्हल्सवाल्याला नाही म्हणून सांगितलं. सासूबाईंना निळ्या रंगाचं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "तं मग मातीच पाहून येतो." ऊटीची मूठभर माती आणली तर चालते का, असंही विचारून राहिल्या. दादा, सांगाल का?

वरोऱ्याची रोपवाटिका

बगीच्यातली उचलू नका, ते बरं नाही, आणि मातीसोबत तिकडची कीडही येते. मूठभरानं पिप्यात काही फरकही पडत नाही. त्यापेक्षा तिथं हातात घेऊन पाहू द्या. ओली केली की बोटांना कशी लागते, आपल्या काळीसारखी चिकटते का, ते आजींना कोणी सांगायची गरज नाही, त्यांचा हात जन्मभर चिखलात राहिला आहे.

सिंदेवाहीच्या सिस्टरबाई

तिकीट काढताना त्यांचं वय बरोबर टाका, आणि खालच्या बर्थच्या कोट्यातून काढा. 45 वर्षांवरच्या बायांसाठी तो असते. वरचा बर्थ आला तर गुडघ्यांचं कोइम्बतूरला पोचायच्या आधीच होऊन जाईल. दुखण्याच्या गोळ्या डॉक्टरला विचारून सोबत ठेवा. आणि पोचलात की एक फोटो इथं टाका, मला त्या निळ्या फुलासमोर त्यांना पाहायचं आहे.