मैत्रीला करार लागतो का?

पायवाट
चर्चच्या मंडळीत वर्षानुवर्षं जाऊनही पुष्कळांना आपण तिथले वाटत नाही. उपासना संपली की हात मिळवायचा, "देव आशीर्वाद देवो" म्हणायचं आणि घर गाठायचं. मैत्री आपण आवडीनिवडीवर सोडून दिलीय. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, मात्र ती करार म्हणून येते. १ शमुवेल, अध्याय १८ मध्ये शौल राजाचा मुलगा योनाथान दावीदाशी करार करतो आणि आपला झगा, तलवार, धनुष्य, कमरबंद सगळं उतरवून दावीदाला देतो. राजपुत्राने हे देणं म्हणजे गादीच देऊ केल्यासारखं. पुढे तो लढाईत मरतो. दावीद राजा झाल्यावर शौलाच्या घराण्यातलं कोणी उरलंय का, अशी चौकशी करतो. एरवी नव्या राजाने जुन्याचे वारस शोधायचे ते मारायलाच! सापडतो मफीबोशेथ, योनाथानाचा मुलगा, दोन्ही पायांनी अधू. त्याला आजोबांची जमीन परत मिळते आणि जेवण रोज राजाच्या पंगतीला. त्याच्याकडून दावीदाला काय मिळणार होतं? देवानेही आपल्याला असंच जवळ केलंय. मग दोघा-तिघांनी प्रार्थनेत एकमेकांना शब्द देऊन मैत्री का करू नये?

शंकासुर
अर्धीच गोष्ट सांगितलीत. २ शमुवेल १६ मध्ये सीबा हा चाकर चहाडी करतो की मफीबोशेथ फितूर झालाय. दावीद काहीही शहानिशा न करता त्याची सगळी मालमत्ता सीबाला देऊन मोकळा! अध्याय १९ मध्ये मफीबोशेथ स्वतः येऊन बाजू मांडतो, तेव्हा दावीद जमीन दोघांत वाटून घ्या म्हणतो. योनाथानाला दिलेल्या शब्दाची ही किंमत?

आणि हे पुस्तकी बोलणं नाही. मी एका गटात होतो, तिथे अशीच प्रतिज्ञा घेतली होती. दुसऱ्या मंडळीत जातो म्हटल्यावर "करार मोडतोयस" असं ऐकून घ्यावं लागलं. खासगीत कबूल केलेल्या गोष्टी चारचौघांत निघाल्या. योहान १५ मध्ये येशू शिष्यांना मित्र म्हणतो, तेव्हा कुणाकडून शपथ घेतो?

अंजीर
मी देव मानत नाही. माझे जिवलग मित्र कुठल्याही कराराशिवाय टिकलेत. तुमची दावीदाची गोष्ट आवडली, पण ती चांगल्या माणसाची गोष्ट आहे, यात देव कशाला हवा?

मधला बाक
शंकासुर, त्याच अध्यायातलं चौदावं वचनही वाचा. मी सांगतो ते कराल तर तुम्ही माझे मित्र, असंही येशू म्हणतो. म्हणजे बांधिलकी आहेच. फक्त आधी तो स्वतः जीव देतो, आणि त्याच रात्री त्याच्या अटकेच्या वेळी पळून गेलेल्यांना नंतर पुन्हा जवळ घेतो.

तुमच्या गटाचं चुकलं ते वेगळ्याच जागी. बाराव्या शतकात इंग्लंडमधल्या रिव्हो मठाचा प्रमुख एल्रेड याने आध्यात्मिक मैत्रीवर पुस्तक लिहिलं. त्याचा क्रम असा: आधी निवडा, मग पारखा, मगच स्वीकारा. गुपित फोडणं, निंदानालस्ती, दगा यांमुळे मैत्री तुटू शकते हेही तो मान्य करतो. पण तुटली तरी प्रेम काढून घेऊ नये म्हणतो. तुमच्याकडे पारख झालीच नाही, सरसकट सगळ्यांना एका दिवसात बांधलं.

पायवाट
मधला बाक, +१. सीबाच्या बाबतीत दावीद घसरला, हे मान्यच. पण २ शमुवेल २१ मध्ये गिबोनी लोक शौलाने केलेल्या कत्तलीच्या बदल्यात त्याच्या वंशातले सात जण ठार मारायला मागतात, तेव्हा दावीद मफीबोशेथाला वाचवतो, आणि कारण स्पष्ट दिलंय: योनाथानाशी घेतलेली शपथ. अंजीर, तुम्हाला उत्तर इथेच आहे. त्या क्षणी दावीदाचा चांगुलपणा किती पुरला असता कोण जाणे. देवासमोर दिलेला शब्द आडवा आला.

शंकासुर
त्याच शपथेने बाकीचे सात वाचले नाहीत, तेही लिहा की! असो. दोन मित्रांनी आपसात शब्द दिला तर माझी हरकत नाही. पण तो पाळकाच्या (पास्टरच्या) वहीत नको, आणि कोण कोणाशी बांधलंय हे मंडळीसमोर जाहीर करणं तर अजिबात नको.