तहसीलदार नक्की कुठल्या मंडळात बसतात?

बांधावरची_कोथरूडकर

मुलगा आठवीत आहे. नागरिकशास्त्रात तीन मंडळं आली आहेत. कायदेमंडळ कायदे करतं, कार्यकारी मंडळ ते राबवतं, न्यायमंडळ निवाडा करतं. परवा रात्री मी त्याच्याकडून हे म्हणून घेत होते आणि टेबलावर आमच्या शेतरस्त्याच्या केसचा कागद पडला होता. त्याने तो उचलला आणि मोठ्याने वाचला : "मामलेदार न्यायालय... वादी... प्रतिवादी... दावा नामंजूर." (मामलेदार म्हणजे तहसीलदारच.) मग मला विचारलं, "आई, तहसीलदार म्हणजे सरकारी अधिकारी ना? मग ते न्यायमंडळात कसे?"

मला उत्तर देता आलं नाही. उद्या सांगते म्हणाले, त्याला आता आठ दिवस झाले.

केस अशी : सासऱ्यांच्या तीन एकरांत जायची जुनी गाडीवाट भावकीतल्या एकाने जेसीबी लावून चर खणून बंद केली. (तालुका लिहीत नाही, नातेवाईक इथेही वाचतात.) आम्ही वर्षभर समजुतीच्या गोष्टी केल्या, मग अर्ज केला. तीन तारखा नुसत्याच पडल्या. एकदा साहेब निवडणुकीच्या प्रशिक्षणाला, एकदा पालखीच्या बंदोबस्तात, एकदा कारण कळलंच नाही. शेवटी निकाल आला की सहा महिन्यांच्या आत अर्ज केला नाही म्हणून दावा नामंजूर.

निकालाबद्दल रडगाणं गायला आलेले नाही. प्रश्न मुलाचाच आहे. जो माणूस सकाळी रेशन दुकान तपासतो, तो दुपारी न्यायाधीश कसा होतो? राज्यघटनेत अधिकार वेगळे केलेत ना?

पेठेतला_एक

ज्या गावात रामशास्त्री प्रभुणे होऊन गेले तिथे हा प्रश्न पडावा म्हणजे कमाल आहे. नारायणरावांच्या खुनाबद्दल राघोबादादांना तोंडावर देहांत प्रायश्चित्त सांगितलं. १७७३ साली. तुमच्या घटनेच्या पावणेदोनशे वर्षं आधी. पुस्तकं कशाला लागतात?

निवृत्त_अव्वल_कारकून

ताई, महसूल खात्यात तेहतीस वर्षं काढली, त्यामुळे हा प्रश्न माझ्या टेबलावरचाच समजा. सगळा घोळ एका शब्दात आहे : "तथा". तहसील कार्यालयात गेलात की पाटी वाचा. "तहसीलदार तथा तालुका दंडाधिकारी." त्या "तथा"च्या अलीकडे एक माणूस आणि पलीकडे दुसरा, पण खुर्ची एकच आणि दुपारचा डबाही एकच.

मी ज्या साहेबांच्या हाताखाली होतो त्यांचा एक दिवस सांगतो. अकराला टंचाईची बैठक. बाराला रस्त्याच्या केसेस, पुकारा मीच करायचो. तीनला "चॅप्टर", म्हणजे गावात मारामारी करतील अशी शंका असलेल्या दोन्ही पार्ट्यांकडून शांततेचा बाँड लिहून घ्यायचा. (फौजदारी संहितेचं पूर्वीचं कलम १०७, आता नव्या संहितेत १२६.) पुणे शहरात तर हे बाँडाचं काम सहायक पोलीस आयुक्तांसमोर चालतं. इथे १९६५ पासून आयुक्तालय आहे ना. पकडून आणणारं खातं आणि बाँड लिहून घेणारं खातं एकच. तुमच्या मुलाला हे सध्या सांगू नका.

पूर्वी याहून वाईट होतं. मामलेदार चोरीच्या खटल्यात शिक्षाही द्यायचा. शेतसारा वसूल करणारा तोच आणि तुरुंगात घालणाराही तोच. खडकमाळ आळीतल्या जागेला पुणेकर अजून मामलेदार कचेरीच म्हणतात. तिथेच ३ फेब्रुवारी १८३२ ला उमाजी नाईकांना फाशी दिलं. कचेरी या शब्दाला आमच्या आजोबांची पिढी उगाच घाबरत नव्हती. मुंबई राज्याने १९५१ साली कायदा करून फौजदारी न्यायाचं काम महसुलातून बाहेर काढलं. देशभर ते झालं १९७३ च्या फौजदारी संहितेने, जी १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली. तेव्हापासून शिक्षा देणारे न्यायदंडाधिकारी वेगळे आणि आमचे साहेब नुसते कार्यकारी दंडाधिकारी.

पण महसुली भांडणं आमच्याकडेच राहिली. तुमचा मामलेदार न्यायालयाचा कायदा १९०६ चा आहे, घटनेहून चव्वेचाळीस वर्षांनी मोठा. घटनेने तो मोडला नाही. का, तर पेरणी तोंडावर आल्यावर दिवाणी कोर्टात दहा वर्षं कोण थांबणार? बांधावर जाऊन चर बघायचा, पंचनामा करायचा, चार म्हाताऱ्यांना विचारायचं, हे काम तलाठी-सर्कल हाताशी असलेला माणूसच लवकर करतो. याला अर्धन्यायिक काम म्हणतात. आणि हे तहसीलदारापाशी थांबत नाही बरं का. मंत्रालयात महसूलमंत्रीसुद्धा जमिनीच्या प्रकरणांत सुनावणी घेतात. ते आमदार म्हणून कायदा करतात, मंत्री म्हणून राबवतात आणि त्या दालनात बसून निकालही देतात.

आता घटनेचं. पुस्तकात तीन मंडळं तीन खोल्यांसारखी काढतात, मध्ये भिंती. आपल्याकडे तशा भिंती बांधल्याच नाहीत. १० डिसेंबर १९४८ ला घटना समितीत के. टी. शहांनी दुरुस्ती मांडली होती की तिन्ही अंगं पूर्ण वेगळी असावीत. ती फेटाळली. कारण संसदीय पद्धतीत मंत्री सभागृहातूनच येतो, बाहेरचा आणला तर त्याला सहा महिन्यांत निवडून यावं लागतं. अमेरिकेत उलटं, तिथे मंत्री व्हायचं तर सभागृह सोडावं लागतं. आपल्याकडे कलम ५० आहे, न्यायपालिका कार्यकारी यंत्रणेपासून वेगळी करावी म्हणून. मसुद्यात त्याला तीन वर्षांची मुदत होती, ती काढून टाकली. आणि कलम ठेवलं मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे ते पाळलं नाही म्हणून कोर्टात जाता येत नाही.

मग वेगळेपण आहे कुठे? मी नोकरीत एक खूण शिकलो. बदलीचा कागद कुठून येतो ते बघा. आमच्या साहेबांची बदली मंत्रालयातून यायची. एखाद्या प्रकरणात कोणाचा फोन आला की साहेब पेन खाली ठेवून खिडकीबाहेर बघत बसायचे, हे मी पाहिलेलं आहे. शिवाजीनगर कोर्टातल्या न्यायाधीशाची बदली मात्र उच्च न्यायालय करतं, कलम २३५ प्रमाणे. मंत्र्याला तो कागद काढता येत नाही. माझ्या मते अख्ख्या प्रकरणात याच्याइतकी कामाची ओळ नाही, आणि ती शाळेच्या पुस्तकात नाही.

पेठेतले साहेब, रामशास्त्रींबद्दल आदर आहेच. पण पुढची गोष्टही सांगा की. निकाल सांगितला आणि शास्त्रीबुवांना पुणं सोडून वाईकडे जावं लागलं. राघोबादादा पेशवे झालेच. आज उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढायचं तर संसदेच्या दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांचं बहुमत आणि हजर असलेल्यांचं दोन तृतीयांश बहुमत लागतं. शास्त्रीबुवांच्या मागे असं काही नव्हतं, फक्त त्यांची छाती होती.

पेठेतला_एक

मान्य. (हे इथे पहिल्यांदा लिहितोय, नोंद घ्यावी.)

काळा_कोट_शिवाजीनगर

अव्वल कारकुनांनी तात्त्विक भाग निकालात काढला, मी व्यवहाराचं लिहितो.

ताई, आधी आदेशात कलम कुठलं आहे ते बघा. मामलेदार कायद्याचं कलम ५ असेल तर अपील नाही. कलम २३ खाली कलेक्टरकडे फेरतपासणी मागता येते, व्यवहारात ती बहुतेक प्रांतांसमोर (उपविभागीय अधिकाऱ्यांसमोर) चालते. सहा महिन्यांची अट त्याच कायद्यातली आहे. ती अधिकाऱ्याच्या मर्जीची नाही, त्यामुळे तेवढ्याच मुद्द्यावर भांडलात तर हाती फार लागणार नाही.

जमीन महसूल संहितेचं कलम १४३ वेगळं. ते बांधावरून रस्ता मागण्यासाठी. तिथे प्रांतांकडे साठ दिवसांत अपील किंवा एक वर्षात दिवाणी दावा. दावा लावलात की अपिलाचा रस्ता बंद. अशिलं दोन्हीकडे अर्ज ठोकतात आणि मग आमच्याकडे येतात.

तिसरी गोष्ट. वीस वर्षांहून जास्त वहिवाट असेल तर सुविधाधिकार (दुसऱ्याच्या जमिनीतून वाट वापरण्यासारखे हक्क) कायदा १८८२ खाली थेट दिवाणी न्यायालय. पण वाट अडवल्यापासून दोन वर्षांच्या आत दावा पडला पाहिजे. तुमचं एक वर्ष समजुतीत गेलंय, पुढचं तारखांत. कॅलेंडर काढा.

मुलाला सांगायचं तर हेच सांगा : तहसीलदारांचा शब्द शेवटचा नाही. त्यांच्यावर प्रांत, कलेक्टर, आयुक्त, आणि सगळ्यात वर कलम २२६-२२७ खाली उच्च न्यायालय. त्यासाठी मात्र मुंबईच गाठावी लागेल. १८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं, साताऱ्यापर्यंत आलं आणि पुणे राहिलं. त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

प्रभात_रोड_जुना

खंडपीठ नसलं तरी या विषयात पुण्याचं नाव कायमचं कोरलेलं आहे, आणि इथे कोणी ते काढलं नाही याचं आश्चर्य वाटतं.

बीएमसीसी रस्त्यावरची गोखले इन्स्टिट्यूट. विद्यार्थी असताना तिथल्या ग्रंथालयात मी उन्हाळे काढलेत (पंख्याखालच्या जागेसाठी सकाळी आठला). तिथे डी. सी. वाधवा प्राध्यापक होते. वकील नव्हेत. बिहार सरकारची राजपत्रं चाळताना त्यांच्या लक्षात आलं की तिथे कायदे विधानसभेत होतच नाहीत, अध्यादेशांवरच राज्य चाललंय.

अध्यादेश म्हणजे सभागृह चालू नसताना राज्यपालांनी, म्हणजे खरं तर मंत्रिमंडळाने, काढलेला तात्पुरता कायदा. कलम २१३. सभागृह पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत तो संपतो. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त अंतर चालत नाही, म्हणजे फार तर साडेसात महिन्यांचं आयुष्य. बिहारने काय केलं? मुदत संपायला आली की तोच अध्यादेश, तोच मजकूर, पुन्हा काढायचा. १९६७ ते १९८१ मध्ये २५६ अध्यादेश निघाले आणि त्यांतले काही वर्षानुवर्षं जगवले. उसाच्या खरेदीबद्दलचा एक तर तेरा वर्षांहून जास्त. तेरा वर्षं आमदार सभागृहात येऊन बसले, भत्ते घेतले आणि तो कायदा त्यांच्यापुढे एकदाही आला नाही!

वाधवांनी त्यावर १९८३ मध्ये पुस्तक काढलं आणि स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९८६ मध्ये पाच न्यायाधीशांनी याला घटनेशी केलेली लबाडी म्हटलं आणि सरकारने वाधवांना दहा हजार रुपये खर्च द्यावा असा आदेश दिला. दहा हजार त्या काळात कमी नव्हते, पण इतक्या वर्षांच्या कामापुढे काय!

कारकून साहेबांची बदलीची खूण मला पटली, पण ती न्यायमंडळापुरती. कार्यकारी मंडळ कायदेमंडळाच्या खुर्चीत हळूच बसतं तेव्हा बदली-बिदली काही होत नाही, राजपत्रात फक्त तारीख बदलते. ती तारीख वाचणारा कोणी लागतो. २०१७ मध्ये सात न्यायाधीशांचं पीठ पुन्हा याच विषयावर बसलं, प्रकरण पुन्हा बिहारचंच, ४२९ संस्कृत शाळांचं. अध्यादेश सभागृहापुढे ठेवणं बंधनकारकच आहे, असं तेव्हा स्पष्ट सांगावं लागलं.

बांधावरची_कोथरूडकर

सगळ्यांचे आभार. मुलाला बसवून वाचून दाखवलं. उमाजी नाईक आणि बिहारचा ऊस त्याला आवडले. "तथा" त्याला इतका आवडला की आता तो स्वतःला "विद्यार्थी तथा गोलकीपर" म्हणवून घेतो. परीक्षेत मात्र तीन मंडळंच लिही, असं मी बजावलंय. सहामाहीत बाईंशी वाद नको.

वकील साहेब, आदेश कलम ५ चाच निघाला. कॅलेंडर काढलं. चर खणून एक वर्ष आणि आठ महिने झालेत. म्हणजे दिवाणी दाव्याला चार महिने. सासरे म्हणतात दावा नको, भावकी तुटेल. मी म्हटलं, चर त्यांनी खणला तेव्हा काय जुळत होतं? नकलेचा अर्ज सोमवारी देतेय.

निवृत्त_अव्वल_कारकून

नुसत्या आदेशाची नक्कल घेऊ नका. रोजनाम्याची आणि स्थळपाहणीच्या पंचनाम्याचीही मागा, तिन्ही एकाच अर्जात. त्या तीन तारखांना काय झालं ते रोजनाम्यातच सापडेल. अर्जाला कोर्ट फी स्टँप लावा, नाहीतर तो टेबलावरच राहतो. मीही ठेवलेत असे.