नाचणीचे सत्त्व आणि नाचणीची भाकरी: धान्य एकच, मग साखरेत फरक का?

मधुरा, गोरेगाव
माझ्या सासऱ्यांना मधुमेह असून ते गोळ्या घेतात. नाचणी साखरेला चांगली, असे सगळीकडून ऐकल्यामुळे सकाळी त्यांना नाचणीच्या सत्त्वाची आंबील देते. तीत गूळ किंवा साखर नसते, फक्त मीठ आणि ताक असते. दुपारी नाचणीची भाकरी आणि पालेभाजी असते. ग्लुकोमीटरवर दोन तासांनी पाहिले, तर आंबिलीनंतरची साखर भाकरीनंतरच्या साखरेपेक्षा सातत्याने जास्त येते आणि अकरा वाजायच्या आत त्यांना पुन्हा भूकही लागते. धान्य तेच असताना असे का व्हावे? गिरणीत दळण जाडसर काढून घेतल्याने काही फरक पडेल का?

विभावरी, दादर (आहारशास्त्राची अध्यापिका)
धान्य तेच असले तरी पोटात जाते ते तेच नसते. सत्त्व करताना नाचणी भिजवून, बहुधा मोड आणून, वाटतात आणि फडक्यातून गाळतात. फडक्यात जो चोथा उरतो त्यात कोंडा आणि तंतुमय भाग असतो, तर खाली साका बसतो तो मुख्यतः पिष्टाचा (स्टार्चचा). मोड येताना धान्यातच तयार होणारी विकरे (एन्झाइम) त्या पिष्टाचे तुकडे पाडू लागतात, म्हणूनच मोडाच्या पिठाची पेज पातळ राहते. पुढे ते भरपूर पाण्यात शिजले की पिष्टाचे कण फुगून फुटतात आणि आतड्यातील रसांना करण्यासारखे फारसे काम उरत नाही. शिवाय आंबील चावावी लागत नाही आणि घन अन्नापेक्षा ती जठरातून लवकर पुढे सरकते. साखर लवकर चढणे आणि भूक लवकर लागणे या दोन्हींमागे हेच कारण असण्याची शक्यता बरीच आहे.

दाण्याच्या आकाराबद्दल इंग्लंडमधील ब्रिस्टलचे संशोधक हीटन आणि सहकाऱ्यांचा 1988 सालचा प्रयोग प्रसिद्ध आहे. अख्खा दाणा, भरड दाणा, जाडे पीठ आणि बारीक पीठ अशा क्रमाने गहू खायला दिला असता इन्सुलिनचा प्रतिसाद पायरीपायरीने वाढत गेला; मक्याच्या बारीक पिठानंतरही तो अख्ख्या किंवा भरड दाण्यापेक्षा जास्त आला. ओटच्या बाबतीत मात्र असा फरक दिसला नाही. त्यामुळे ‘जाडसर म्हणजे चांगले’ हा नियम सरसकट लावू नये. दाण्यातील पेशींच्या भिंती शाबूत असेपर्यंत आतले पिष्ट सहजी हाती लागत नाही, हे गहू-मक्यातील फरकामागचे मुख्य कारण.

तुमच्या तुलनेत एक अडचण आहे. मधुमेह असलेल्या अनेकांची साखर सकाळच्या खाण्यानंतर मुळातच जास्त चढते, आणि भाकरीबरोबर पालेभाजी असते ती वेगळीच. एखाद्या सकाळी तेवढ्याच वजनाच्या पिठाची भाकरी देऊन पाहा, म्हणजे सत्त्वाचा दोष किती आणि वेळेचा किती हे कळेल.

सदानंद, लालबाग (पिठाची गिरणी)
दळणाबद्दल मी सांगतो. नाचणी किंवा ज्वारी जाडसर काढून दिली की दुसऱ्या दिवशी तक्रार येते, कारण जाड पिठाची भाकरी थापताना कडा फुटतात आणि तव्यावर टाकताना मोडते. त्यातच पीठ जुने होऊन विरी (चिकटपणा) गेलेली असेल तर विचारूच नका. भाकरीसाठी पीठ बारीकच लागते. भरड खायचे असेल तर ज्वारीच्या कण्या किंवा गव्हाचा दलिया वेगळा काढून घ्यावा. पीठ चाळून कोंडा टाकून देणारी गिऱ्हाईकेही रोज पाहतो; मग महागडे ‘मल्टीग्रेन’ पाकीट कशाला आणायचे, हे मला कळलेले नाही.

अनिरुद्ध, भांडुप
आमच्याकडे सावंतवाडीहून उकडा तांदूळ येतो, म्हणून तांदळाविषयी थोडे लिहितो. भात सालीसकट भिजवून, उकडून, वाळवून मग सडला जातो. त्यामुळे कोंड्यातील ब गटाची काही जीवनसत्त्वे दाण्यात मुरतात आणि पिष्टाची घडण बदलून दाणा शिजल्यावरही टणक राहतो. सडीक पांढऱ्या तांदळाचा आणि बेरीबेरीचा (ब गटातील एका जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाचा) संबंध जावामध्ये ओळखणाऱ्या डच डॉक्टर आइकमन यांना 1929 साली नोबेल मिळाले होते. याउलट कुरमुऱ्याचा तांदूळही आधी उकडलेलाच असतो, पण तापल्या वाळूत फुलून तो इतका सच्छिद्र होतो की तोंडात घातल्याबरोबर विरघळतो, आणि ‘हलके खाणे’ म्हणून भेळ खाल्ली तरी साखर वेगाने चढू शकते.

विभावरी, दादर
अनिरुद्ध यांच्या मुद्द्याला धरून: शिजलेला भात गार झाला की त्यातील काही पिष्ट पुन्हा घट्ट बांधले जाते आणि सावकाश पचते. हा परिणाम थोडाच असतो, तेव्हा गार भात म्हणून दुप्पट वाढून घेऊ नये. उरलेला भात तासन् तास बाहेर न ठेवता लगेच फ्रीजमध्ये ठेवावा.

मधुरा, गोरेगाव
सासऱ्यांना कवळी असल्याने सकाळी भाकरी चावणे त्यांना जड जाते, म्हणूनच आंबील सुरू केली होती. कण्या चालतील का?

विभावरी, दादर
चालतील. रात्री भिजवून ठेवा आणि मऊ होतील पण गिर्र होणार नाहीत इतपतच शिजवा. वाटीभर ताक, शिजवलेली मुगाची डाळ किंवा भाजी सोबत द्या आणि चमच्याने सावकाश खाऊ द्या. साखर पहिल्या घासापासून दोन तासांनी मोजा. नाश्ता बदलल्यावर आकडे बरेच उतरू लागले, तर गोळ्यांचे प्रमाण स्वतः कमी न करता मोजमापाची वही डॉक्टरांना दाखवा.

सदानंद, लालबाग
कण्या काढायला सांगताना ‘रव्यापेक्षा जाड’ असे सांगा आणि घरी आल्यावर चाळून घ्या. खाली जे पीठ पडेल ते भाकरीत जाईल.