जाळं कापून कासव सोडलं, भरपाई मिळते का?

काल पहाटे जाळं ओढताना जड लागलं. म्हटलं, मोठा मासा. बघतो तर कासव! पुढचा पाय दोऱ्याने आवळून पांढरा पडलेला. बाबा म्हणाले, "घाल सुरी." कापलं, सोडलं. जाळ्याला हातभर भोक. सरकार पैसे देतं म्हणतात, खरं का?

उत्तर १: खरं आहे. वन खात्याचा कांदळवन (खारफुटी) कक्ष आणि मत्स्य विभागाची योजना आहे, जास्तीत जास्त २५,००० रुपये. पण सोडतानाचे फोटो लागतात. काढलेत?

उत्तर २: पाठ राखाडी-हिरवट होती का? मग ऑलिव्ह रिडले जातीचं समुद्री कासव. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या वेळास गावात २००२ पासून यांची अंडी राखतात. मी दोन हंगाम पहारा केलाय. कोल्ह्या-कुत्र्यांच्या आधी घरटं गाठायचं, अंडी कुंपणात तेवढ्याच खोल पुरायची. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं. घरट्यावर झाकलेल्या टोपलीखाली वळवळ दिसली की झोप उडते बघा.

मूळ प्रश्नकर्ता: हो, राखाडीच. फोटो कुठला दादा, एका हातात सुरी, दुसऱ्यात कासव! फडफडताना थोबाडीत दिलीन ती वेगळीच. पुढच्या खेपेला भाच्याला नेतो, मोबाईल धरायला.