काच फोडली तर बिघडलं कुठं?

उन्हाळी ठेचा
काल 'शिस्तप्रिय' यांनी लिहिलं, मेहुणे लॅब्रॅडोरला गाडीत ठेवून "दहाच मिनिटं" दुकानात गेले आणि कोणा रिकामटेकड्याने मागची काच फोडली. साडेपाच हजारांचा फटका. "दुसऱ्याच्या गाडीला हात लावायचा अधिकार यांना दिला कोणी?" म्हणे. दोन ओळींत उत्तर देऊन गप्प बसणार होतो, पण डोकं तापलंय, म्हणून वेगळा धागा.

मी नागपूरचा. मे महिन्यात पारा 45 ला टेकला की सीटबेल्टच्या बकलाचा चटका बसतो आमच्याकडे. तीन वर्षांपूर्वी धरमपेठेत साडीच्या दुकानाबाहेर उभ्या गाडीत दीडेक वर्षाची पोरगी दिसली. रडत नव्हती, तेच वाईट. केस कपाळाला चिकटलेले, मान कलंडलेली, मुठीत अर्धं बिस्किट. दुकानात जाऊन गाडीचा नंबर ओरडलो, कोणी हललं नाही. पानठेल्यावरच्या पोराने चाकाचा पाना आणला, पोरीपासून लांबची काच कोपऱ्यात ठोकली. आईबाप आले वीस मिनिटांनी. पोरगी पानठेल्यावर ओल्या दुपट्ट्यात. बापाचं पहिलं वाक्य: "काच कोणी फोडली?"

शिस्तप्रिय
लहान मुलांचा विषय मी काढलाच नव्हता. कुत्रा होता, गाडी सावलीत होती, काचा दोन बोटं खाली होत्या. उगाच रडवू नका लोकांना.

बोक्याची आई
दोन बोटांनी ढिम्म फरक पडत नाही हो. स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी मोजून 2005 साली छापलंय: तासाभरात आत सरासरी 22 अंश वाढ, त्यातली 80 टक्के पहिल्या अर्ध्या तासात. तेही बाहेर 22 ते 36 अंश असताना! कुत्र्याला घाम येतो तो पंजांना. बाकी सगळी भिस्त धापांवर. आतली हवाच तापली तर धापून काय होणार?

शिस्तप्रिय
अमेरिकेचे दाखले नकोत. तिथे फ्लोरिडात 2016 पासून कायदाच आहे काच फोडणाऱ्याला वाचवणारा. इथे आहे का?

कोर्टकज्जे
नेमका तसा नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 134अ मदत करणाऱ्याला वाचवतं, पण ते रस्ते अपघातापुरतं. पण न्यायसंहितेचं कलम 19 बघा, जुनं भादंवि 81. मोठं नुकसान टाळायला चांगल्या हेतूने छोटं केलं तर गुन्हा नाही. उलट मेहुण्यांवरच 1960 च्या प्राणी कायद्याचं कलम 11 लागू शकतं. पहिल्या खेपेला दंड 10 ते 50 रुपये. काचेचे साडेपाच हजार, कुत्र्याचे पन्नास. घ्या.

खानदेशी
कलमं घरी वाचायला ठीक. 2018 साली धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणारे समजून भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच डवरी गोसाव्यांना जमावाने ठेचून मारलं. परक्याचं मूल कडेवर घेऊन भर बाजारात उभं राहायचं? मी आधी 112 लावीन, चार बाया गोळा करीन, मग काचेला हात.

उन्हाळी ठेचा
हे मात्र खरं आहे. मीही पोरीला पहिल्यांदा साडीवालीच्याच हातात दिली होती.

सिग्नलवरचा
अहो, आधी आतलं दिसायला नको? निम्म्या गाड्यांना काळी फिल्म. सुप्रीम कोर्टाने 2012 लाच बंदी घातली, ऐकतंय कोण?

फिल्मवाला
अर्धवट माहिती. आता नियम बदललेत. पुढच्या-मागच्या काचेला 70 टक्के, बाजूला 50 टक्के प्रकाश आरपार जायला हवा. 2024 ला केरळ हायकोर्टानेही तेच सांगितलं. तरी गेल्या महिन्यात चौकात माझी पावती फाडलीच.

सिग्नलवरचा
हवालदाराला केरळचा निकाल वाचून दाखवलात? मल्याळममध्ये?

फिल्मवाला
सावली ठेवली असती तर फिल्म लागली नसती! आमच्या सोसायटीने पार्किंगसाठी तीन गुलमोहर तोडले.

बोक्याची आई
गुलमोहराखाली गाडी लावून बघा एकदा, टप झाडायला माणूस ठेवावा लागेल. लावायचा तर कडुनिंब.

फिल्मवाला
कडुनिंबाच्या लिंबोळ्या काय गादीवर पडतात?

उन्हाळी ठेचा
वृक्षारोपणाचा वेगळा धागा काढा ना बापा!

शिस्तप्रिय
सगळे तुटून पडलाच आहात तर ऐका. 2019 मध्ये माझा चिरंजीव गाडीत, किल्ली आत, आणि त्याने सेंट्रल लॉक दाबलं. काच फोडायला माझा हात उठेना, गाडी चार महिन्यांची होती. मेकॅनिक पट्टी घेऊन येईस्तोवर मी चादर धरून उभा. आधी काचेला नाक चिकटवून हसत होता. मग हसणं थांबलं. आत नुसते तळव्यांचे ओले ठसे. पोरगा ठणठणीत आहे, पण बायको अजून विचारते, "काच वाचली ना?"

तर मूल असेल तर फोडा. कुत्र्यासाठी मात्र आधी दुकानातून नंबर पुकारा. यापुढे मी सरकणार नाही.

कोर्टकज्जे
एवढं सरकलात, लॅब्रॅडोर कसा आहे तेही सांगा की.

शिस्तप्रिय
मजेत. मेहुणे भांडत होते आणि हा नालायक काच फोडणाऱ्याचे हात चाटत होता.